ऐकून ठरवणारीला खुर्ची नाही

निवडणुकीच्या तोंडावर एका वाहिनीने कुरुंदपूरच्या मैदानात दोन पक्षांच्या चर्चेचा घाट घातला. निवृत्त मुख्याध्यापिका दमयंतीबाई बिडकर हौसेने ऐकायला गेल्या. दारातल्या माणसाने विचारलं, "सत्ताधारी की विरोधक?"

"अजून ठरवलं नाही. ऐकून ठरवीन."

"मग मागे उभ्या राहा. डावीकडच्या खुर्च्या सत्ताधाऱ्यांच्या माणसांना, उजवीकडच्या विरोधकांच्या."

बाईंचे गुडघे कुरकुरत होते, तरी त्या उभ्या राहिल्या. तासभर दोन्ही पुढाऱ्यांनी घसे फोडले आणि आपापल्या बाजूच्या टाळ्या घेतल्या. शेवटी वाहिनीचा निवेदक ऐटीत म्हणाला, "आमची चर्चा लोकांची मतं फिरवते. नाही म्हणणाऱ्याने सिद्ध करावं, माझी खुर्ची त्याची."

दमयंतीबाईंनी हात वर केला. "अहो, ज्यांचं आधीच ठरलंय त्या सगळ्यांना तुम्ही खुर्च्या दिल्यात, आणि जिला ऐकून ठरवायचंय तिला मागे उभं केलंत. मतं फिरवायची असती, तर मला पहिल्या रांगेत बसवलं असतंत."

त्या संध्याकाळी पहिल्यांदाच दोन्हीकडून एकदम टाळ्या पडल्या. निवेदक खुर्ची सोडून उठला. बाई त्याच्या खुर्चीत टेकल्या, गुडघे चोळले आणि दोन्ही पुढाऱ्यांकडे वळून म्हणाल्या, "हं, आता पहिल्यापासून सांगा. मी ऐकतेय."