काकवीची ढेप

एकदा एक गूळ-व्यापारी हंगामाच्या पहिल्याच दिवशी कोल्हापूरकडच्या एका गुऱ्हाळावर जाऊन पोहोचला. हा व्यापारी कोण, ते विचारू नका. त्याच्या फजितीच्या वेळी मी फार जवळ उभा होतो, एवढंच सांगतो. बिचाऱ्याला वाटलं होतं, ताज्या गुळाचा वास घेऊ, चार गोष्टी करू, परतू. पाहतो तर काय! अंगणात तोडलेल्या उसाचा डोंगर, रस आटवायचं चुलवाण मात्र थंड. वरची भलीथोरली काहील कोरडी. माणसं उन्हात कंबरेवर हात ठेवून उभी. आणि मधोमध भाऊ-बहीण भांडताहेत!

गुऱ्हाळ त्या दोघांचं होतं. बहीण हौसाबाई थोरली. सारं गाव त्यांना आक्का म्हणे. यजमान गेल्यावर त्या माहेरी आल्या आणि भावाच्या बरोबरीनं शेतात उभ्या राहिल्या. धाकटा भाऊ रंगराव. गळ्यात माळ, कपाळी बुक्का, स्वभावानं लोण्यासारखा. पण त्या दिवशी त्याचाही आवाज चढला होता.

झालं होतं असं. चुलवाण पेटवण्याआधी देवाचा अंगारा चुलीच्या तोंडाला लावायचा, मग घरच्या माणसांच्या कपाळी, ही तिथली रीत. रंगराव पहाटेच डोंगरावरच्या देवळातून अंगाऱ्याची पुडी घेऊन आला. चुलीला लावला आणि मोठ्या प्रेमानं आक्कांच्या कपाळाकडे हात नेला. आक्कांनी त्या हाताला असा झटका दिला की पुडी उडाली आणि सगळा अंगारा मातीत!

"देवाला लाथाडलंस तू, आक्का!"

"तुझा देव तुझ्या कपाळी ठेव. माझ्या अंगाला ती राख लावायची नाही."

"मग मी चूल पेटवणार नाही."

"नको पेटवूस! माझा ऊस मी दुसऱ्या गुऱ्हाळावर नेते. आणि उद्यापासून घरातली चूलपण वेगळी. बास!"

तोडलेला ऊस ताटकळला की आटतो, हे एक वेळ चालेल. पण दोन चुली झाल्या की घर आटतं. आमच्या व्यापाऱ्याला गप्प बसवेना. तो मध्ये पडला, "अहो, एका आईची लेकरं तुम्ही! एकाच घरात वाढलात. मग एकाला देवाशिवाय घास उतरत नाही, आणि दुसरीला देवाचं नाव निघालं की संताप. हे होतंच कसं?"

आक्कांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही गूळ बघायला आलाय न्हवं? गूळ बघा."

व्यापारी दोन पावलं मागं सरकला.

तेवढ्यात केरबाकाका खोकत पुढं आले. केरबाकाका म्हणजे गुळव्या. रस केव्हा उतरवायचा, हे नुसत्या बुडबुड्यांवरून सांगणारा वृद्ध कलावंत. या भावंडांच्या वडिलांच्या काळापासून त्या काहिलीशी उभे. रंगराव दोन वर्षं त्यांच्याच हाताखाली ही विद्या शिकत होता. सगळ्यांना वाटलं, आता काका न्याय करणार. काका म्हणाले, "मला खोकल्याला काकवी पायजे."

"काका, इथं काय चाललंय आणि—" रंगराव वैतागला.

"तुमचं चालू द्या. परसातल्या तीन दगडांच्या चुलीवर लहान कढई ठेव. हंगामाचा मुहूर्त नव्हं हा, माझ्या खोकल्याचा हाय."

गुरूची आज्ञा! रंगरावानं मुकाट्यानं चरक फिरवून रस काढला. आक्काही रागातच जाळ घालू लागल्या, कारण काकांचा खोकला खरा होता. कढईला उकळी आली. मळी वर येऊ लागली, काका झाऱ्यानं ती काढत गेले. रंग पालटला, वास सुटला! व्यापारी आपली फजिती विसरून कढईवर वाकला. रस दाटला, तशी काकांनी तांब्याभर काकवी काढून बाजूला ठेवली. उरलेल्याला आच चालू. मग थेंब पाण्यात टाकून बोटांत गोळी वळून पाहिली, कढई उतरवली, पाक घोटला आणि वाडग्यात ओतला. बघता बघता सोन्यासारखी ढेप बसली.

आता बघा म्हाताऱ्याचं नवल. त्यांनी काकवीचा तांब्या रंगरावाच्या हाती दिला. "हिची ढेप वळ." आणि ढेप आक्कांच्या हाती. "ही या बरणीत धार लावून ओत."

आक्का म्हणाल्या, "काका, ऊन लागलं का तुम्हाला?"

"का गं? रस एक, कढई एक, जाळ तूच घातलास. मग काकवीनं ढेपेसारखं का होऊ नये?"

रंगराव शिष्य खरा, पण डोकं चालवणारा. तो म्हणाला, "होईल की! काकवी पुन्हा चुलीवर चढवली तर तिचाही गूळ होईल."

"शाबास. म्हणजे आणखी जाळावी लागंल." काकांचा आवाज एकदम खाली आला. "तुझ्या आक्काला अजून किती जाळायची म्हणतोस?"

"काका, पुरे," आक्का म्हणाल्या.

"नाही पोरी. आज बोलू दे." ते रंगरावाकडे वळले. "तुझ्या आधी या घरात एक मुलगा झाला होता. तुला कुणी सांगितलं नाही. दहा दिवसांचं बाळ तापानं फणफणलं. आक्का नऊ वर्षांची. बैलगाडी जुंपा, डॉक्टरकडं न्या, म्हणून पाय धरत होती सगळ्यांचे. तुझे वडील अंगारा आणायला डोंगरावर गेले. अंगारा आला, कपाळी लागला. तवर बाळ थंड झालं होतं. पुढं वडील दारूत बुडाले, तेही तिनं बघितलं. मग लग्न होऊन गेली. ती गेल्यावर दोन वर्षांनी तुझे वडील एका भजनाला जाऊन बसले, माळ घातली, बाटली सुटली. तू सहा वर्षांचा. ते तुला खांद्यावर घेऊन देवळात जायला लागले. तुझ्या देवानं तुला बाप परत दिला, बाळा. तिच्या देवानं तिचा भाऊ नेला. घर एकच, पण आच वेगवेगळ्या वेळची. तू तिच्या वेळी नव्हतास, ती तुझ्या वेळी नव्हती. खोटं कोण बोलतंय, सांग मला?"

व्यापाऱ्याला आपल्या प्रश्नाची अशी लाज वाटली की त्यानं पागोटं उगाच सारखं केलं.

रंगरावानं तांब्या खाली ठेवला. मग विचारलं, "आक्का, त्याचं नाव काय होतं?"

"बारसं कुठं झालं होतं?" आक्का म्हणाल्या. मग हातातली ढेप खाली ठेवत, "मी ढब्बू म्हणायचे."

"कसा होता?"

आक्का बांधावर बसल्या आणि सांगू लागल्या. दहा दिवसांच्या आयुष्यात सांगण्यासारखं असतं तरी किती! पण अर्धा तास पुरला नाही. रंगराव मातीत बसून ऐकत होता. मग त्यानं वडिलांच्या खांद्यावरून देऊळ कसं दिसायचं ते सांगितलं, आणि आक्का प्रथमच मध्ये बोलल्या नाहीत.

अखेर त्याच उठल्या. "चल, नारळ फोड. मी मोळी टाकते चरकात. हात मात्र जोडणार नाही हं."

"नको जोडूस," रंगराव म्हणाला. "खोबरं तरी खाशील?"

"खोबऱ्यानं काय वाकडं केलंय माझं?"

चुलवाण पेटलं.

मंडळी, आपल्या भावंडांचा देव किंवा देव नसणं आपल्याला पटत नसेल, तर वाद घालण्याआधी एवढं विचारावं, की तुझ्या वेळी घरात काय झालं होतं?