ओरिजिनलसारखं वाजवा

"आणि मग तो पोरगा मला काय म्हणाला असेल, मास्तर?"

एलिया मास्तर चहाचं आधण ठेवत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"म्हणाला, सर, जरा ओरिजिनलसारखं वाजवा ना."

"मग वाजवायचं."

"मास्तर, ओरिजिनल मीच आहे!"

मास्तरांनी गवती चहाची पात चुरगाळून पातेल्यात टाकली.

"हं," ते म्हणाले.

मुकुंद उकिडवे यांना तुम्ही नावाने ओळखणार नाही, पण ऐकलेलं नक्की आहे. सिनेमात नायिका एकटी खिडकीशी उभी राहिली की मागे जे लांबट, ओलं, घसरत जाणारं काहीतरी वाजायचं, ते पुष्कळदा उकिडव्यांचं असायचं. स्टील गिटार. ती आडवी ठेवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या चढवायच्या आणि डाव्या हातातला जड पोलादी बार तारांवरून सरकवायचा. साध्या गिटारसारखे बोटाखाली अडवायला पडदे नाहीत. सुराची जागा दर वेळी नव्याने शोधावी लागते, आणि केसभर चूक झाली तरी सगळ्या जगाला कळते.

उकिडव्यांच्या गिटारला शिवाय पायाशी पेडल होते. दाबले की तारा ताणल्या जायच्या, सूर वाकायचा. असली गिटार ते परदेशातून घेऊन आले तेव्हा स्टुडिओतले लोक चहा सोडून बघायला आले होते. ही गोष्ट उकिडवे अजूनही सांगतात. आपण विचारलं नाही तरी सांगतात.

पण मुळात ते शिकले इथे, नगरजवळच्या या खेड्यात, चर्चमागच्या या दोन खोल्यांत. वडिलांची इथल्या शाळेवर बदली झाली होती. एलिया मास्तर रविवारी उपासनेत स्टील गिटार वाजवायचे. सागाच्या फळीची, सुताराकडून करून घेतलेली. तिला ना पेडल, ना पाय. मास्तर ती मांडीवर ठेवायचे, एवढंच.

आज कितीतरी वर्षांनी उकिडवे आले होते. आल्या आल्या वाकून नमस्कार केला आणि बसायच्या आधीच बोलायला लागले. भीती माणसाला फार बोलकं करते.

"उद्या सकाळी रेकॉर्डिंग आहे," ते म्हणाले. "उद्या जमलं नाही तर संपलं सगळं."

"काय संपलं?"

"मी."

मास्तरांनी गॅस बारीक केला.

हकिगत अशी होती. काही वर्षांपूर्वी एका कंपनीची माणसं उकिडव्यांकडे आली. म्हणाली, तुमचा टोन आम्हाला जतन करायचा आहे. उकिडव्यांना आनंद झाला. मग ते रोज जाऊन काचेच्या खोलीत बसले आणि एकेक तार, एकेक सूर देत राहिले. हळू, जोरात, सरळ, घसटून, थरथरवून. कंपनीने ते सगळं यंत्रात भरलं. आता कुठल्याही पोराने कीबोर्डची पट्टी दाबली की आतून उकिडवे वाजतात.

त्या वेळी ते फुशारून गेले होते. आपला टोन अमर झाला, असं चारचौघांत म्हणाले होते. अमर झालेल्याला कुणी कामाला बोलवत नाही, हे त्यांना पुढच्या वर्षी कळलं.

फोन येईनासे झाले. टोन मात्र सगळीकडे यायचा. लग्नाच्या हॉलमध्ये, साबणाच्या जाहिरातीत, एकदा तर दातांच्या दवाखान्यात, ते स्वतः तोंड उघडून बसलेले असताना.

आणि गेल्या आठवड्यात अचानक एका तरुण संगीतकाराने बोलावलं. म्हणाला, यंत्र नको, खरा माणूस हवा. उकिडवे गेले. जीव ओतून वाजवलं. त्यावर तो पोरगा ते वाक्य बोलला.

"त्याच्या कानात तो यंत्रातला टोन बसलाय, मास्तर. म्हणाला, रेकॉर्डिंगपर्यंत तसा आणा. नाही जमलं तर राहू दे, आमच्याकडे आहेच."

"मग आण."

"येत नाही ना!"

हे उकिडवे जवळजवळ ओरडून बोलले. मग ओशाळले.

"सगळं करून पाहिलं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "ॲम्प्लिफायर बदलला."

"बरं."

"तारा बदलल्या. वायर बदलली. तेव्हाची जुनी गिटार एकाला देऊन टाकली होती, ती हातापाया पडून परत आणली. गाडीत आहे."

"बूट बदलून पाहिलेस?"

"पाहिले. पेडलवर पातळ तळव्याचे बरे पडतात."

मास्तरांनी चष्म्यावरून एकदा शिष्याकडे बघितलं. शिष्य थट्टा करत नव्हता.

"झोप लागत नाही," उकिडवे म्हणाले. "हात गार पडतात. रात्री तो माझाच टोन लावून ऐकत बसतो आणि वाटतं... हा माझ्यापेक्षा चांगला वाजवतो. मला माझा टोन परत हवा आहे, मास्तर. तुम्हीच दिला होता. तुम्हीच सांगा कुठे गेला."

मास्तरांनी आधणात दूध ओतलं.

चहा उकळला. मास्तरांनी तीन कप मांडले.

"अजून कोण येणार आहे?"

"तो आहे ना तुझ्याबरोबर? मला ऐकव की."

उकिडव्यांनी फोन काढला. त्यात ते यंत्र होतं. पडद्यावर कीबोर्डच्या काळ्यापांढऱ्या पट्ट्या उमटल्या. त्यांनी एक पट्टी दाबली. सूर आला. भरीव, सरळ, स्वच्छ. बोट होतं तोवर तो चालूच राहिला.

मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं.

"चांगला वाजवतो."

"मीच आहे तो."

"असेल... घाबरत नाही मात्र."

उकिडव्यांनी मान खाली घातली. हे त्यांना माहीत होतं, पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं.

मास्तरांनी एक कप शिष्याच्या हातात दिला. दुसरा स्वतः घेतला. तिसरा फोनसमोर ठेवला.

"मास्तर, मी चेष्टा ऐकायला नाही आलो इतक्या लांब."

"तोही नाही आला. घे, गार होईल."

उकिडव्यांनी घाईने घोट घेतला आणि जीभ पोळून घेतली. फोनच्या कपावर साय धरली.

"लाव गिटार," मास्तर म्हणाले.

गाडीतून गिटार आली. पाय जोडले, पेडल जोडले, ॲम्प्लिफायर ठेवला. खोलीत वीज घ्यायला जागा नव्हती. मास्तरांनी फ्रिजची पिन काढून दिली. फ्रिजची घरघर थांबली तेव्हा कळलं की ती इतका वेळ चालू होती.

"यालाही त्याच खोक्यात जोड," फोनकडे बोट दाखवून मास्तर म्हणाले. "दोघांना एकाच तोंडाने बोलू दे."

उकिडव्यांनी फोनही त्याच ॲम्प्लिफायरला जोडला. नख्या चढवल्या. तळहात पँटला पुसला, बार उचलला, खाली ठेवला, तळहात पुन्हा पुसला.

मास्तर फोन मांडीवर घेऊन बसले. पट्टी दाबली. काहीच वाजलं नाही. म्हाताऱ्या, कोरड्या बोटाला तो पडदा दाद देईना. मग त्यांनी कपाच्या कडेवरून बोट फिरवून ओलं केलं आणि पुन्हा ठेवलं.

सूर सुरू झाला.

"हा धर. याच्यात मिळव."

"एवढंच?"

"एवढंच."

उकिडव्यांनी तार छेडली आणि बार सरकवत त्या सुराशी आले. जवळ आले, पण पोचले नाहीत. दोन सूर अगदी जवळ असले आणि एक नसले की मध्ये एक हेलकावा ऐकू येतो. वॉव्... वॉव्... वॉव्. वाद्य लावणाऱ्या कुणालाही तो ठाऊक असतो.

त्यांनी बार केसभर पुढे नेला. हेलकावा वाढला.

मागे आणला.

त्यांच्या कपाळावर घाम आला. उद्याचा दिवस, तो पोरगा, ती काचेची खोली, सगळं त्या बारखाली येऊन बसलं होतं. तार विझत आली की ते पुन्हा छेडत, आवाज वाढवणाऱ्या पेडलवर पाय जपून दाबत, म्हणजे मधे खड्डा पडू नये.

मास्तरांचं बोट हललं नाही.

हेलकावा मंद झाला. वॉव्... मग बराच वेळ काही नाही... मग पुन्हा एक.

अजून जरासं.

आणि तो थांबला.

उकिडव्यांनी श्वास रोखला. खोलीत एकच सूर होता. भरीव, सरळ, स्वच्छ. हाच तो. आठवडाभर ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता तो हाच. त्यांचं तोंड आनंदाने उघडलं गेलं.

ते ऐकत राहिले...

मग त्यांच्या कपाळावर आठी पडली.

त्यांनी तार जरा जोरात छेडली. फरक पडला नाही. मान वाकवून कान तारांजवळ नेला, मग ॲम्प्लिफायरकडे नेला.

"मास्तर... माझा ऐकू येत नाही."

"वाजतोय की."

"वाजतोय. पण यातला माझा कुठला?"

मास्तरांनी तारांकडे नजर वळवली.

उकिडव्यांनी खाली पाहिलं. तार थरथरत होती, डोळ्यांना दिसत होती. पाय पेडलवर होता. मग त्यांनी सावकाश, विस्तवावरून काढावा तसा, बार उचलला. उजवा हातही उचलला. दोन्ही हात हवेत.

सूर तसाच चालू होता.

काहीही कमी झालं नव्हतं.

उकिडवे त्या हातांकडे बघत बसले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. हे भय निराळं होतं. उद्याचं नव्हतं.

बाहेर कुणीतरी चर्चचं फाटक लावलं. कडी वाजली.

"मास्तर, बोट काढा."

मास्तरांनी बोट काढलं नाही.

"मास्तर!"

...

उकिडव्यांनी धडपडत बार पुन्हा तारांवर टेकवला आणि छेडलं. घाईत जागा चुकली. केसभरच. हात कापत होता, तो कापही तारेत उतरला.

वॉव्... वॉव्... वॉव्.

ते थबकले. सवयीने बार दुरुस्त करायला निघालेला हात वाटेतच थांबला. त्यांनी पुन्हा छेडलं, त्याच चुकीच्या जागी. हेलकावा पुन्हा आला. यंत्राच्या त्या सरळ सुरावर कुणीतरी आत-बाहेर करत होतं, आणि ते कोण होतं ते आता ऐकू येत होतं.

उकिडव्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला हात मोकळा नव्हता. ते वाजवत राहिले. जागा बदलली नाही.

तेवढ्यात फोन वाजला.

सूर तुटला आणि ॲम्प्लिफायरमधून घंटी एवढ्या मोठ्याने आली की कपातला चहा हिंदकळला. पडद्यावर त्या संगीतकाराचं नाव होतं. उकिडव्यांनी नाव पाहिलं. पण तारांवरचा बार त्यांनी सोडला नाही.

घंटी वाजत राहिली.

शेवटी मास्तरांनीच बोट पुन्हा ओलं केलं आणि फोन घेतला.

"हॅलो, सर!" तरुण आवाज खोलीभर घुमला. "उद्याचं नक्की करायचं होतं. काय झालं मग? तो टोन जमला का?"

मास्तरांनी शिष्याकडे पाहिलं. शिष्याने हळूच तार छेडली, तिथेच, केसभर चुकीच्या जागी.

"जमला होता हो," मास्तर फोनमध्ये म्हणाले. "पण मग त्यात हा मुकुंद सापडेना, म्हणून पुन्हा बिघडवला."