काच निवेपर्यंत

फार जुनी गोष्ट आहे, बरं का. इतकी जुनी, की तेव्हा त्या नदीला अजून नावही पडलं नव्हतं. नदीकाठी ठकूबाई नावाची विणकरीण राहायची. तिच्या हातचं लुगडं मुठीत मावायचं, इतकं तलम. पण वय झालं, डोळ्यांत धुकं उतरलं. धागा दिसेना, माग बंद पडला. माग बंद म्हणजे ठकूबाईचा जीवच थांबल्यासारखा.

गावाबाहेर गेनू नावाचा कारागीर नदीची वाळू वितळवून काच करायचा. बांगड्यांची नव्हे हं, भिंगाची. पाण्यासारखी नितळ काच करीन म्हणायचा आणि दरवर्षी निघायची गढूळ, बुडबुड्यांनी भरलेली. लोक त्याची टर उडवत. ठकूबाई मात्र आपल्या बाभुळबनातलं सरपण दरवर्षी त्याच्या भट्टीला देई. शेजारचा भिकाशेटही देई, कुरकुरत का होईना. काच जमली की दोघांना एकेक गोळा, असं ठरलं होतं.

सातव्या वर्षी जमली. गेनूने दोन भट्ट्यांत दोन गोळे ठेवले, तोंडं मातीनं लिंपली आणि म्हणाला, "आता महिनाभर कुणी हात लावायचा नाही. आतबाहेर सारखी निवली पाहिजे, नाहीतर तडकते."

ठकूबाई म्हणाली, "तोवर माझे डोळेच गेले तर रे?"

"मावशी, त्याची हमी मी कशी देऊ?" गेनू हळूच म्हणाला.

मग रोज सकाळी सुनेचा हात धरून ती भट्टीपाशी यायची. कोमट भिंतीला पाठ टेकून बसायची. आत काच झोपलीय असं तिला वाटे, आणि त्या उबेत तिचाही डोळा लागे. स्वप्नात माग चालू असायचा. जाग आली की धुकं कालच्यापेक्षा दाट.

आठव्या दिवशी पलीकडच्या गावात जत्रा भरली. काच तिथे विकायची, मग भिकाशेटला कुठला धीर! त्याने माती फोडून गोळा बाहेर काढला. काय सुरेख निघाला होता! "ठकूवहिनी, झालीय की काच. उघडा तुमचीही, उगाच डोळे घालवून बसाल."

ठकूबाईचा हात लिंपलेल्या मातीवर होता. बोटांनी नुसती खरवडली असती तरी माती सुटली असती. मोह झाला, खोटं कशाला बोला. पण मातीत अजून ऊब होती.

"नको भावजी," ती म्हणाली. "तिचं अजून व्हायचंय."

गोळा फडक्यात गुंडाळून भिकाशेट जत्रेला निघाला. गार वारा सुटला होता. शिवेपर्यंतही पोचला नाही तोच फडक्यात टिचकन आवाज झाला. सात वर्षांच्या सरपणाचे चार तुकडे हातात घेऊन तो बांधावर बसून राहिला.

महिना भरला. भिंत गार झाली, तेव्हा ठकूबाईला माणसं नुसती सावल्यांसारखी दिसत होती. गेनूने काच काढली, घासली, भिंग करून तिच्या हातात दिलं. तिने ते डोळ्याशी धरलं आणि धागा शोधायच्या आधी सुनेला जवळ ओढलं. बराच वेळ ती बघत राहिली.

"सहा वर्षं झाली तुला घरात येऊन," ती म्हणाली, "आणि तुझ्या गालावर तीळ आहे हे मला कुणी सांगितलं नाही गं."

सून रडायला लागली. दुसऱ्या दिवसापासून त्या घरातून पुन्हा मागाचा आवाज येऊ लागला.

तात्पर्य : चांगल्या कामाला नुसतं सरपण देऊन भागत नाही, ते निवेपर्यंतचा वेळही द्यावा लागतो.