मनीच्या अर्जातला उंदीर

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा मांजरांनाही नोकरीसाठी अर्ज करावा लागे.

मनी मांजरीने वाण्याच्या दुकानाची राखण इतकी चोख केली, की तिथे खायला उंदीरच उरला नाही. पदरी तीन पिल्लं, आणि पोटात कावळे ओरडत होते.

अशात दवंडी पिटली गेली. "राजाच्या कोठाराला राखणदार हवा हो! आपली माहिती एका पळसाच्या पानावर लिहून पाठवा होऽ!"

मनीने झोकात अर्ज लिहिला आणि तळ्याकाठच्या म्हाताऱ्या कासवाला वाचून दाखवला. "मी वाघाची मावशी. माझे डोळे पाचूसारखे. मला गाता येतं, झाडावर चढता येतं, पोहताही येतं."

"पोहता?" कासवाने विचारलं.

मनीने शेपूट आवरलं. "एकदा विहिरीत पडले होते, आजोबा."

कासव गालात हसलं. "झकास लिहिलंस, पोरी. पण यात उंदीर कुठे आहे?"

"मांजर म्हटलं की उंदीर आलाच की!"

"तुझ्या मनात आला, पानावर कुठे आलाय? कोठारात उंदरांनी धुमाकूळ घातलाय. कारभाऱ्याला पाहुणी नकोय गं, राखण करणारी हवीय."

मनी हिरमुसली. वाघाची मावशी हे शब्द सोडताना तर तिच्या जिवावर आलं. पण पिल्लं भुकेने रडत होती. तिने नवं पान घेतलं आणि लिहिलं, "वाण्याच्या दुकानाची दोन वर्षं राखण केली. आता तिथे एकही उंदीर नाही. खात्री वाण्याकडे करावी."

कारभाऱ्यापुढे पानांचा ढीग होता. मोराने पिसाऱ्याचं वर्णन केलं होतं, पोपटाने स्वतःवर पोवाडाच रचला होता. वाचून वाचून बिचाऱ्याला जांभया येत होत्या. मनीचं पान हाती आलं आणि त्याची झोप उडाली. त्याने लगेच वाण्याकडे माणूस धाडला.

"न्या हो तिला," वाणी म्हणाला, "पण अधूनमधून आम्हाला भेटायला पाठवा. लळा लागलाय तिचा."

त्या संध्याकाळी मनीची पिल्लं पोटभर जेवून धान्याच्या पोत्यावर झोपली. कारभारी कौतुकाने म्हणाला, "तू वाघाची मावशी आहेस म्हणे! मग अर्जात का नाही लिहिलंस?"

"लिहून काय करू, कारभारी?" मनी पिल्लांना चाटत म्हणाली. "भाचा थोडाच उंदीर धरायला येणार आहे!"

तात्पर्य काय, तर काम मागायला जाताना घराण्याचा मोठेपणा घरी ठेवावा आणि समोरच्याच्या उपयोगी पडेल असं आपलं काम सांगावं.