नऊ हजार दोनशे किलोमीटर

“म्हणजे चूक माझी म्हणता?”

शिरगुप्पे साहेबांचा आवाज चढला तसे गॅरेजातले सगळे हात थांबले. फक्त दस्तगीर मेस्त्रींचा पाना चालूच राहिला.

गडहिंग्लजच्या वेशीबाहेरचं हे पत्र्याचं गॅरेज. आसपासच्या तीन तालुक्यांतले निम्मे मेस्त्री दस्तगीर मेस्त्रींच्या हाताखाली तयार झालेले. गाडीबाबत त्यांनी शब्द दिला की पुढं कुणी बोलत नसे.

साहेब त्या शब्दासाठीच आले होते. सोबत आलेल्या पत्नी, पद्माताई, बाकावर बसल्या होत्या.

आठ दिवसांपूर्वी आंबोलीचा घाट उतरताना त्यांच्या छोट्या गाडीचा ब्रेक पार तळाला टेकला आणि गाडी थांबेना. गिअर खाली आणून, हँडब्रेक ओढून, कठड्याला घासत त्यांनी ती कशीबशी थांबवली. शेजारी पद्माताई. खाली दरी.

साहेबांनी टेबलावर कोरा कागद ठेवला. “कंपनीनं खराब गाडी विकली, एवढंच लिहून द्या. ग्राहक मंचात उभं करतो त्यांना.”

“गाडी खराब नव्हती.”

“सहा वर्षांत नऊ हजार दोनशे किलोमीटर चालवलीय मी. धूळ बसू दिली नाही तिच्यावर. पुढचं सर्व्हिसिंग दहा हजाराला आहे. ते झालेत कुठं अजून?”

त्यांनी गाडीची पुस्तिका कागदावर आपटली. वजनमापे निरीक्षक म्हणून आयुष्य गेलेला माणूस. ग्रॅमभर कमी भरणारं माप त्यांनी कधी सोडलं नव्हतं, आणि आज हा मेस्त्री त्यांनाच दोषी ठरवत होता.

मेस्त्रींनी हात पुसले. पुस्तिका उघडून एका ओळीवर बोट ठेवलं.

“वाचा.”

“दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष...”

“पुढं?”

“जे आधी होईल ते.”

“आणि ब्रेक ऑइल?”

“चाळीस हजार किंवा दोन वर्षं...” साहेबांनी पुस्तिका मिटली. “हे सगळं चालणाऱ्या गाड्यांसाठी. माझी गाडी उभी होती. उभ्या गाडीचं तेल झिजतं होय?”

मेस्त्रींनी चाकाजवळ नळी लावली आणि तेल बाटलीत काढलं. चहासारखं काळपट निघालं.

“हवेतलं पाणी पितं हे. गाडी चालो, न चालो. मग घाटात तापलं की उकळतं... आणि ब्रेकमध्ये वाफ उरते.”

“मला पटत नाही.”

“साहेब, दुकानदारानं वर्षभर काटा वापरलाच नाही, तर त्यावर तपासणीचा शिक्का मारून घ्यावा लागायचा?”

“लागायचाच. मुदत ती मुदत. वापरला की नाही हा प्रश्नच...”

वाक्य तिथंच अडकलं.

नेसरीच्या एका म्हाताऱ्या वाण्याचा काटा त्यांनी असाच जप्त केला होता. काटा माळ्यावरच पडून होता, असं तो हात जोडून सांगत होता...

राग उतरायच्या ऐवजी आणखी चढला. आपल्याच बोलण्यात आपण सापडलो, तेही चार माणसांदेखत.

“कायद्याची गोष्ट वेगळी,” ते म्हणाले.

मेस्त्री पुन्हा गाडीकडे वळले. नवं तेल भरलं. आता नळ्यांतली हवा काढायची होती. त्यासाठी कुणीतरी आत बसून ब्रेक दाबायला हवा. साहेब गाडीच्या दाराकडे वळले.

“तुम्ही नको. ताईंना बसू द्या.”

“तिला गाडीतलं काय कळतं?”

“पाय तर आहे.”

पद्माताई बाकावरून उठल्या आणि स्टिअरिंगमागे बसल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा. मेस्त्री चाकाशी उकिडवे बसले.

“दाबा... धरून ठेवा... सोडा.”

नळीतून बुडबुडे आले.

“दाबा...”

चौथ्या वेळी पद्माताई समोरच्या काचेकडे बघत बोलल्या. “बाहुबलीला दर्शनाला जाऊया म्हटलं, की हे म्हणायचे, किलोमीटर वाढतात. आई दवाखान्यात होती, तेव्हाही एसटीनंच गेले मी. दीड तास उभी.”

“पद्मा, इथं हे कशाला?”

“मग कुठं बोलू?”

त्यांचा आवाज चढला नाही. ब्रेक मात्र त्यांनी असा दाबला की गाडी हलली.

“घाटात मी डोळे मिटले, तेव्हा मला भीती वाटली नाही. राग आला. कुठंच न जाता संपणार आपण, असं वाटलं...”



 साहेबांनी टेबलावरचा कोरा कागद उचलला, त्याची घडी केली आणि खिशात घातली.

“सोडा ताई. झालं.”

मेस्त्रींनी नळी काढली, नट आवळला. पद्माताई उतरल्या नाहीत. हात स्टिअरिंगवर तसेच.



शेवटी साहेबांनी पुस्तिका ओढली आणि पेन काढलं. घुश्शातच होते अजून.

“पुढं केव्हा आणायची ते सांगा. नेमकं सांगा. किलोमीटर की वर्षं... आधी काय भरेल?”

मेस्त्रींनी पद्माताईंकडे पाहिलं.

“ते यांना विचारा.”