हातावर मीठ

“खाल्ल्या मिठाला जागणं हे पाप कधीपासून झालं, बाबा?”

जोमा अंगणात आला तो हा प्रश्न घेऊनच. मिठागराच्या बांधावर झोपडी बांधून राहणारा म्हातारा लतीफशा फकीर चुलीवरून पेजेचे भांडे उतरवीत होता. त्याने वर पाहिले नाही.

“बस. पाय भाजले असतील.”

जोमा बसला, प्रश्न मात्र उभाच राहिला. तो मिठागराचा मुकादम, शेठच्या शब्दाबाहेर कधी न गेलेला. भर दुपारी घटकाभर विसावा मिळेपर्यंत मिठाच्या वाफ्यांत उतरायचे नाही, असे मजुरांनी त्यांच्यातल्याच पोशाच्या ओटीवर बसून ठरवले. जोमाने ते शेठच्या कानी घातले. पोशाचे काम गेले. ओटीवर आणखी कोण कोण होते, ती नावे आज दिवेलागणीला शेठला सांगायची होती.

“मी चोरी केली का, बाबा? लबाडी केली?”

“नाही.”

“मग माझी सावलीसुद्धा का चुकवतात ती माणसं? पोशा तर...”

“पेज घे,” फकीर म्हणाला. “अळणी आहे.”

जोमाला जरा हुरूप आला. त्याने कमरेचे फडके सोडले. “शेठचं मीठ आणलंय तुमच्यासाठी. पांढरंशुभ्र.”

फकिराने तळहात पुढे केला.

जोमा थबकला. मीठ भांड्यात घालावे, पानावर वाढावे. हातावर कधी देऊ नये, देणाऱ्या-घेणाऱ्यांत वैर येते, ही समजूत त्याच्या हाडीमासी खिळलेली होती.

“भांडं पुढे करा, बाबा.”

“का रे?”

“ठाऊक आहे की तुम्हाला. भांडण लागतं.”

“असं होय... मग शेठनं तुला कशात दिलं?”

“ते कुठले देतात? ते बंगल्यावर. मी राशीतून घेतलं.”

“ती रास वाफ्यातून कोणी ओढलेली?”

जोमा फडक्याची गाठ चाचपत राहिला.

“मुकादम ना तू?”

“...पोशानं.”

फकिराचा हात तसाच पुढे होता.

“माझी बोरं चोरताना सापडला होतास,” तो हसत म्हणाला. “कान लाल होईस्तोवर पिळला मी. झाडावर दुसरा कोण होता, ते काही केल्या सांगितलं नाहीस.”

“तेव्हा मी लहान होतो, बाबा.”

“हो... आता मोठा झालास.”

मग जोमाने चिमूटभर मीठ उचलले आणि डोळे मिटून त्या तळहातावर ठेवले. फकिराने ते पेजेत टाकले, ढवळले आणि पहिला वाडगा त्याच्यापुढे सरकवला.

जोमाने वाडगा उचलला आणि तसाच खाली ठेवला.

“दिवेलागणीला शेठ विचारतील. काय सांगू?”

“नावं सांग की. माझ्यापासून सुरुवात कर... त्या ओटीवर मीही होतो.”