चालत्या गाडीवरचा रेडिओ

एकदा एका घाटमाथ्यावरच्या गावात रेडिओ दुरुस्त करणारे एक वृद्ध उस्ताद राहत होते. मुक्या झालेल्या रेडिओंना बोलते करण्यात त्यांची पन्नास वर्षे गेली होती. पंचक्रोशीत त्यांच्या शब्दाला असे वजन होते, की उस्ताद ‘होईल’ म्हणाले तर माणूस निश्चिंत होऊन घरी जाई, आणि ‘होणार नाही’ म्हणाले तर रेडिओ वाटेतच भंगारवाल्याला देऊन टाकी.

त्यांच्याकडे गोदावरी नावाची एक शिष्या होती. वय चौतीस. पंख्याच्या मोटारी जोडण्याच्या कारखान्यात सात वर्षे काढून, तिथे डोके चालवायला मनाई आहे हे कळल्यावर ती नोकरी सोडून उस्तादांकडे शिकायला आली होती. तिचा हात स्वच्छ होता, कान तीक्ष्ण होता. पण एक खोडही होती. ‘होणार नाही’ हे वाक्य तिच्या घशाखाली उतरत नसे. ती ‘का?’ असे विचारी. उत्तर पटले नाही तर ती गप्प बसे, आणि तिचे ते गप्प बसणे म्हणजे होकार नव्हे, हे उस्तादांना पक्के ठाऊक होते.

एका मंगळवारी सकाळी मसाल्याचा एक व्यापारी दुकानापुढे येऊन थांबला. त्याची मोटरसायकल म्हणजे लांबच्या प्रवासाची, म्हशीएवढी. दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, पुढे जादा दिवे, काचेमागे रेडिओ.

“उस्ताद, या घाटात सात किलोमीटरच्या टप्प्यात खालच्या खोऱ्यातलं छोटं रेडिओ केंद्र लागतं,” तो म्हणाला. “पण नुसती खरखर. शहरात आवाज वाढवणारं यंत्र बसवून घेतलं, तर खरखरच वाढली.”

दुकान कड्याच्या अगदी काठावर होते, त्यामुळे ते केंद्र तिथेही पुसटसे लागे. उस्तादांनी इंजिन चालू करून ऐकले. इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग आणि त्याची टोपी तपासली. मग इंजिन बंद केले, आणि रेडिओतून एका बाईचा स्वच्छ आवाज आला.

“केंद्र छोटं आहे, शेठ. वळणावर थांबा, इंजिन बंद करा, हवं तेवढं ऐका. चालत्या गाडीवर ते होणार नाही.”

“मी थांबणार नाही,” व्यापारी म्हणाला.

“पाच मिनिटं थांबायला काय जातं?”

व्यापाऱ्याने नजर दुसरीकडे वळवली. “हा जो आवाज आला ना, ती माझी मुलगी. चार वर्षांपूर्वी माझा शब्द मोडून या केंद्रात काम करायला गेली. मी म्हणालो होतो, गेलीस तर तुझा आवाज पुन्हा ऐकणार नाही. मी बोललेलं फिरवत नाही. आता बाजारपेठा फिरायच्या तर दर गुरुवारी हाच रस्ता. जाता जाता काही कानावर पडलं, तर त्याला ऐकणं म्हणत नाहीत. गाडी थांबवली, तर म्हणतील.”

उस्ताद किंचित हसले. “मग दोष रेडिओत नाही, शेठ.”

“गाडी ठेवून जा,” गोदावरी म्हणाली. “गुरुवारी या.”

उस्तादांनी चमकून तिच्याकडे पाहिले. “गोदा, मी ‘नाही’ म्हणालोय.”

“ऐकलं मी. पण का नाही, ते तुम्ही सांगितलं नाहीत.”

“केंद्र छोटं आहे, हे सांगितलं.”

“इंजिन बंद केल्यावर केंद्र मोठं होतं का?”

गिऱ्हाइकासमोर उस्तादांना असा प्रतिप्रश्न आजवर कुणी केला नव्हता. त्यांनी पाना खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, “माझ्या ‘नाही’नंतर या दुकानात काम होत नाही. करायचं तर तुझ्या नावावर कर. नाही झालं, तर गुरुवारपासून दुसरं दुकान बघ.”

“बरं,” गोदावरी म्हणाली, आणि तिने गाडी आत घेतली.

शिकण्यासाठी तिने ज्यांना विचारले त्यांत उस्ताद हे चौथे होते, आणि तयार झालेले पहिले. आधीच्या तिघांनी तिला दारातूनच वाटेला लावले होते. पण तिच्या कानांनी इंजिन बंद असताना तो आवाज ऐकला होता, आणि ऐकलेले न ऐकलेले करणे तिला जमणारे नव्हते.

तिने पहिल्यांदा ते शहरातले यंत्र काढून टाकले; ते मुलीच्या आवाजाबरोबर खरखरीलाही तेवढेच मोठे करत होते. मग एरियल पाहिला. एरियलची पट्टी गाडीच्या सांगाड्यावर होती खरी, पण मध्ये चकचकीत रंगाचा जाड थर होता, त्यामुळे धातूला धातू टेकत नव्हता. तिने तो रंग धातू उघडा पडेपर्यंत खरवडला आणि पट्टी घट्ट आवळली. आवाज भरला, पण खरखर जागच्या जागी होती.

उस्ताद आपल्या जागेवरून हे सारे बघत होते.

दुसऱ्या दिवशी तिने इंजिन चालू ठेवून, हातात एक छोटा ट्रान्झिस्टर घेतला आणि वैद्य छाती तपासतो तसा तो गाडीच्या एकेका भागाला लावत गेली. इंजिनापाशी काही विशेष नाही. बॅटरीपाशी नाही. दुपार झाली. उस्ताद जेवायला घरी गेले, परत आले. ती जेवली नव्हती. हँडलपाशी आली तेव्हा ट्रान्झिस्टर एकदम करवादला. तिथे मोबाइल चार्ज करण्याची एक इवलीशी डबी बसवलेली होती. तिला मोबाइल जोडलेला नव्हता, तरी गाडी चालू असेतो ती डबी आपला गोंगाट ओतत होती. तिने तिची तार ओढली. अर्धी खरखर तिथल्या तिथे मेली. उरलेली त्या जादा दिव्यांतून येत होती. त्यांच्या तारा तिने एरियलपासून दूर नेल्या, एकमेकींना पीळ देऊन बांधल्या, आणि असा गोंगाट गिळणारी काळी कडी त्यांवर चढवली.

गुरुवारी व्यापारी आला. तिची परीक्षा रस्त्यावर व्हायची होती, म्हणून गोदावरी त्याच्यामागे बसली. घाटाचे पहिले वळण येताच चालत्या गाडीवर, वाऱ्यातून, मुलीचा आवाज शेजारी बसून बोलावे तसा आला.

“ओढ्यावरच्या साकवाची फळी तुटली, त्याला तीन महिने झाले. साहेब म्हणतात, पावसाळ्यानंतर बघू. मी म्हटलं, साहेब, ओढ्याला पाणी पावसाळ्यातच असतं. ते म्हणाले, आत्ता होणार नाही. मी सोमवारी पुन्हा जाणार आहे. आणि त्यांनी हाकललं, तर मंगळवारीही जाणार आहे.”

व्यापारी थांबला नाही. पण गाडी इतकी सावकाश चालू लागली, की दुधाचे कॅन लावलेली एक सायकल त्यांना मागे टाकून गेली.

“हट्टी आहे,” टप्पा संपल्यावर तो म्हणाला.

“कुणावर गेली असेल?” गोदावरीने विचारले.

तिला त्याची फक्त पाठ दिसत होती. तो हसतो आहे की रडतो आहे, हे तिला कळेना.

दुकानापाशी परतल्यावर उस्ताद गाडीजवळ आले. इंजिन चालू होते, आवाज स्वच्छ होता. त्यांनी पुष्कळ वेळ ऐकले. मग म्हणाले, “गोदा, हे सगळं होतं तसं परत लाव.”

“म्हणजे?”

“डबी जोड. दिव्यांच्या तारा होत्या तिथं आण. एरियलखाली कागद घाल, रंगाच्या जागी. खरखर परत आली पाहिजे.”

व्यापारी गाडीवरून खाली उतरला. गोदावरीचा चेहरा लाल झाला. “नाही लावणार,” ती म्हणाली. “तुमचा शब्द खोटा पडला म्हणून तुम्ही मला काढा, मी जाते. पण एवढ्या कष्टानं लागलेला आवाज मी माझ्या हातानं बिघडवणार नाही.”

उस्ताद खाली, जमिनीवर, गाडीच्या चाकाशेजारी बसले. म्हातारपणाने बसायला त्यांना वेळ लागला.

“शब्द खोटा पडला हे खरंच आहे,” ते म्हणाले. “मी शिकलो तेव्हा गाडीवर गोंगाट करणारी एकच वस्तू होती, ठिणगी. मी ती तपासली. ती निर्दोष निघाली, आणि मी म्हणालो, होणार नाही. खरं तर मी म्हणायला हवं होतं, मला ठाऊक नाही. पन्नास वर्षांत ही दोन वाक्यं माझ्या तोंडी एक कधी झाली, ते मला कळलंसुद्धा नाही. माझ्यासमोर कुणी ‘का’ म्हणत नव्हतं, मग कळणार तरी कसं? आता ही गाडी स्वच्छ बोलतेय. तिच्यापासून मी काय शिकणार? दोष परत लाव. मला तो माझ्या हातानं शोधायचाय. तू शेजारी बस, आणि मी चुकलो की सांग.”

गोदावरीने स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि एकेक गोष्ट पूर्ववत केली. खरखर परत आली. उस्तादांनी ट्रान्झिस्टर हातात घेतला आणि सवयीने तो आधी इंजिनापाशी नेला.

“तिथं नाही,” गोदावरी म्हणाली.

“का नाही?”

तिने कारण सांगितले. त्यांनी ते पुन्हा विचारले, आणि तिने पुन्हा सांगितले. डबीपाशी पोहोचायला त्यांना पाऊण तास लागला. ट्रान्झिस्टर करवादला तेव्हा ते पहिल्या दिवसाच्या शिकाऊ उमेदवारासारखे खुशीत तिच्याकडे बघत राहिले. तो पाऊण तास व्यापारी हातातला चहा तसाच धरून बसला होता.

सगळे पुन्हा नीट जोडून झाल्यावर तो निघाला. पण घाटाच्या रस्त्याने न जाता तो खोऱ्याच्या फाट्याला वळला. तिथे काय बोलणे झाले ते कुणाला कळले नाही. पुढच्या आठवड्यात दुकानावरून जाताना त्याने एवढेच सांगितले, “भांडलो. दोन तास भांडलो आम्ही. तिनं एकही शब्द ऐकून घेतला नाही.” हे सांगताना त्याचा चेहरा एखाद्याला बक्षीस मिळाल्यासारखा दिसत होता.

त्यानंतर उस्ताद ‘होणार नाही’ म्हणायचे थांबले असे नव्हे. अनुभवी माणसाला ते म्हणावेच लागते. मात्र म्हणून झाल्यावर ते जरा थांबत आणि गोदावरीकडे बघत. कधी ती मान हलवी आणि म्हणे, “खरंच होणार नाही.” आणि कधी, काहीही न बोलता, ती वस्तू आपल्याकडे ओढून घेई.